सिद्धनाथाच्या दिव्याची वायर

सम्राटचं दुकान माझ्या घराच्या पुढच्या खोलीत आहे, म्हणून मी त्यात बसतो. भोरच्या कॉलेजच्या ग्रंथालयात मी एकतीस वर्षं पुस्तकं दिली आणि परत घेतली. शिकवलं कधीच नाही. तरी लोक मला मास्तर म्हणतात आणि त्यांना दुरुस्त करायचं धाडस मला झालं नाही. सम्राट गाड्यांच्या वायरिंगची आणि बॅटरीची कामं करतो. त्याचं बघून मीही त्या विषयावरची दोन पुस्तकं वाचून काढली, वहीत आकृत्या काढल्या, एकदोनदा त्याच्या चुकाही दाखवल्या. मात्र स्वतःच्या हातानं मी एकही गाडी बरी केलेली नव्हती.

त्या गुरुवारी सम्राट पुण्याला गेला होता. त्याच्या बायकोचं, शुभांगीचं, बाळंतपण होतं. दुकानाची फळी उघडी ठेवून मी वाचत बसलो होतो, एवढ्यात समोरच्या उतारावर एक पांढरा टेम्पो येऊन थांबला. थांबला, पण इंजिन बंद झालं नाही. चोवीस-पंचवीस वर्षांची एक मुलगी उतरली, मागच्या चाकाखाली तिनं दगड लावला आणि आत डोकावली.

"सम्राटदादा कुठंय?"

"पुण्याला. दोन दिवस तरी येणार नाही," मी म्हटलं. "गाडी बंद करून बसा ना."

"बंद केली तर लागायची न्हाई, मास्तर. म्हणून तर उतारावर लावलीय."

ही सुप्रिया. वेल्ह्याच्या वरच्या अंगाला धनगरांची वाडी आहे, तिथल्या म्हादूची मुलगी. वाडीतल्या दुधाचे कॅन ती रोज खाली वेल्ह्यात पोचवते आणि आठवड्यातून एकदा शेळ्या-बोकडं घेऊन भोरच्या बाजाराला येते. वाडीतला हा पहिला टेम्पो, आणि गाडी चालवणारी पहिली मुलगीही तीच. दोन महिन्यांपासून टेम्पोची बॅटरी सारखी उतरत होती. नवी बॅटरी घातली, तीही उतरली. सम्राटनं डायनामो तपासला, तो चांगला निघाला. हायवेवरच्या एका कारागिरानं सांगितलं की सगळं वायरिंग बदला.

"आबा म्हणाले, आता बास," सुप्रिया म्हणाली. "पानशेतला एकाचं हाटेल हाय, त्याला गाडी पायजे. सोमवारी सकाळी बघायला येतोय. तवर गाडी नीट झाली तर ठेवायची, न्हाई तर त्याला द्यायची. मग मी पुन्हा शेरडांमागं."

मी सम्राटला फोन लावला.

"काका, मी हितं बाप व्हायच्या रांगेत उभा हाय," तो म्हणाला. "तुमीच बघा."

"मी?"

"मग काय, पुस्तक बघणार हाय? मीटर भिंतीला लटकवलाय. ध्यानात ठेवा, मीटर मधी जोडलेला असताना सेल्फ मारायचा न्हाई. मीटर जळंल. ठेवू? नर्स वरडतीय."

मीटर हातात घेतला, पण लावायचं धाडस होईना. ते सुप्रियाला कळू नये म्हणून मी आधी प्रश्न विचारायला सुरुवात केली. तेवढं मला जमतं. ग्रंथालयात पुस्तक हरवलं की मी आधी हेच विचारायचो, शेवटचं कधी पाहिलं, कुणी पाहिलं.

"बॅटरी नेमकी कुठल्या दिवशी उतरते?"

सुप्रियाची स्मरणशक्ती चांगली होती. बाजाराला भोरला येऊन गेलं की दुसऱ्या दिवशी गाडी झटक्यात लागते. मग नुसतं दूध घेऊन वेल्ह्यापर्यंत ये-जा झाली की तिसऱ्या नाही तर चौथ्या दिवशी सकाळी मेलेली असते. मी ते लिहून घेतलं. लांबच्या फेरीत बॅटरी भरते, जवळच्या फेरीत पुरती भरत नाही, हे तर सरळ होतं. पण उभ्या गाडीत ती रिकामी कोण करतं?

इंजिन चालू असतानाच मी बॅटरीवर मीटर लावला. चौदाच्या थोडं वर. म्हणजे भरण्याचं काम ठीक चाललं होतं.

"आता गाडी बंद कर," मी म्हटलं.

"नक्की? मग लागंल का?"

"आत चार्जर आहे. घाबरू नकोस." हे मी म्हटलं खरं, पण धीर सम्राटच्या चार्जरचा होता, माझा नव्हता.

दहा नंबरच्या पान्यानं बॅटरीची काळी तार सोडवली. तार आणि बॅटरी यांच्यामध्ये मीटर जोडला. असं केलं की बंद गाडी किती करंट खाते ते कळतं. पुस्तकाप्रमाणे आकडा शून्याच्या आसपास हवा, फार तर पाच शतांश. मीटरवर ०.९२ आला. मी चष्मा पुसून पुन्हा बघितलं. ०.९२.

"सापडला?" सुप्रियानं विचारलं.

"चोर आहे एवढं कळलं. घर कळलं नाही."

मग फ्यूज काढायला घेतले. रीत अशी की एकेक फ्यूज उपसायचा आणि मीटरकडे बघायचं. ज्या फ्यूजला आकडा खाली येईल, त्या वाटेवर चोर. कालच्या वर्तमानपत्रावर नंबर लिहून मी फ्यूज ओळीनं मांडत गेलो. सुप्रियाला हसू आवरेना.

"मास्तर, हळदीकुंकवाची वाणं मांडल्यासारखं मांडताय. सम्राटदादा खिशात टाकतो."

"सम्राटला कुठला कुठं जातो ते माहीत असतं."

हॉर्नचा काढला, दिव्यांचा काढला, वायपरचा काढला. शेवटचा फ्यूजही कागदावर येऊन बसला. मीटरवर ०.९२ तसाच. मीटर बिघडला असेल, किंवा पुस्तकातलं मी उलट समजलो असेन, असं वाटायला लागलं. एक सुटा बल्ब लावून मीटर तपासला, तर तो चोख होता. एका पोरीची गाडी उघडून ठेवली आणि आता काही सुचत नाही, ही माझी अवस्था झाली. शेवटी काहीतरी करायचं म्हणून मी म्हटलं, "तू आत बस, दारं लावून घे. आतला दिवा चालू राहतो का बघ."

फ्यूज काढल्यावर आतला दिवा लागणारच नाही, हे मला बोलून झाल्यावर आठवलं. पण ती आत जाऊन बसली होती. तेवढ्यात माझ्या हातातलं मीटरचं टोक निसटलं आणि आतून आवाज आला,

"मास्तर! दिवा इझला!"

"कुठला?"

"देवाचा!"

मी टोक परत टेकवलं.

"लागला!"

उचललं.

"इझला! मास्तर, देवाशी खेळू नका हो!"

मी गाडीच्या आत डोकं घातलं. डॅशबोर्डावर सिद्धनाथाची फ्रेम होती. तिच्या दोन बाजूंना दोन तांबडे बल्ब आणि भोवती बारीक दिव्यांची माळ. उन्हात ते दिवे चालू आहेत हे नीट बघितल्याशिवाय समजत नव्हतं. पुन्हा पुढे येऊन मी बॅटरीचं लाल टोक निरखलं. चिकटपट्टीखालून जत्रेतल्या माळांना असते तशी हिरवी पातळ वायर निघाली होती आणि पत्र्याच्या भोकातून थेट आत गेली होती. ना किल्लीची वाट, ना फ्यूजची.

"ही वायर कुणी जोडली?"

"गेनबामामानं. जत्रंत लायटिंग करतो त्यो. आईनं सांगितलं व्हतं, किल्ली काढली तरी दिवा इझला न्हाई पायजे."

मग तिनं सगळं सांगितलं. सुप्रिया गाडी चालवणार म्हटल्यावर तिच्या आईनं, कोंडाबाईनं, आठ दिवस धड जेवण केलं नव्हतं. घाटाची वाट, वळणं, एकटी पोर. शेवटी ती सिद्धनाथाला बोलली : गाडीत तुझा दिवा अखंड ठेवीन, तू पोरीला सांभाळ. दिवा आहे तोवर गाडी, नाही तर नाही. गेनबानं आधी नव्या तऱ्हेचे पांढरे दिवे आणले होते. कोंडाबाईनं दोन्ही तळवे त्यांच्यासमोर धरले आणि म्हणाली, ह्याला ऊब न्हाई, आरती कशी घ्यायची? संध्याकाळी गाडी दारात आली की ती दिव्यासमोर हात धरून डोळ्यांना लावते. म्हणून मग ते जुन्या पद्धतीचे, चटका देणारे बल्ब.

"पण सकाळी गाडी मेलेली असते तेव्हा दिवाही विझलेला असेल ना?" मी विचारलं.

"असतो की. मला वाटायचं, बॅटरी मेली म्हणून दिवा गेला. बॅटरीनं देवाला बी सोडलं न्हाई म्हणायची मी." मग हळूच म्हणाली, "आईला ठाऊक न्हाई. ती धारा काढत असती. मी बिगी बिगी उतारावरनं गाडी ढकलती, चालू झाली की दिवा लागतो."

दोन कारागिरांनी ही गाडी तपासली होती. दिवा त्यांच्याही डोळ्यांसमोर जळत होता. देवाच्या दिव्यावर संशय घ्यायचा कुणाच्या मनात येणार?

"वायर काढली तर आई गाडीवर बसू द्यायची न्हाई," सुप्रिया म्हणाली. "ठेवली तर आबा सोमवारी गाडी देऊन टाकत्यात. मास्तर, तुमी चला वाडीवर. तुमी सांगितलं तर आई ऐकंल."

माझं कधी कुणी ऐकलं आहे असं मला आठवत नव्हतं. पण 'नाही' म्हणायलाही थोडं धाडस लागतं.

बॅटरी दोन तास चार्जिंगला लावली. फ्यूज परत बसवले आणि माझ्या हातात एक उरला. हॉर्न वाजेना, तेव्हा तो कुठला ते कळलं. नसरापूर, विंझर करत आम्ही वेल्ह्याकडे निघालो. मीटरचा डबा मी मांडीवर घेतला होता. वाटेत मी वहीच्या पानावर, कोंडाबाईला काय सांगायचं ते मुद्देसूद लिहून काढलं. माझ्या बोलण्यापेक्षा माझं लिहिणं बरं असतं असा माझा समज आहे.

वाडी चढावर आहे. म्हादू दारात शेळ्यांना पाला टाकत होता. बारीक अंगाचा, मिश्कील डोळ्यांचा माणूस.

"या मास्तर. किती दिस चालंल आता? सोमवारपातुर चालली तरी लई झालं," तो म्हणाला. "घेणारा येईस्तोवर गाडीनं लाज राखावी."

कोंडाबाईनं शेळीच्या दुधाचा चहा केला. टेम्पो दारात उभा होता आणि ऊन उतरल्यामुळे काचेतून तांबडे दिवे आता स्पष्ट दिसत होते. चहा संपल्यावर मी कागद काढला.

"सर्वसाधारणपणे वाहनाच्या विद्युतपुरवठ्यामध्ये…"

"कुणाचं लगीन हाय?" कोंडाबाईनं विचारलं. "पत्रिका वाचताय व्हय?"

म्हादू खुदकन हसला. मी कागद घडी करून खिशात ठेवला आणि त्याबरोबर माझे सगळे मुद्देही गेले. मग मी घाईघाईनं जे मनात आलं ते बोललो. गाडी उभी असताना दिवा बॅटरी पितो, रोज थोडी थोडी, आणि बॅटरी संपली की सकाळी दिवा विझलेला असतो.

शेवटचं वाक्य तोंडातून गेल्यावर मला समजलं की मी काय केलं. सुप्रियानं कपाळाला हात लावला.

"इझलेला?" कोंडाबाई सावकाश म्हणाली. ती माझ्याकडे नव्हे, मुलीकडे बघत होती. "किती येळा?"

"आठ-धा येळा."

"आन मला सांगितलं न्हाईस."

"सांगितलं असतं तर तू गाडी चालवू दिली असतीस?"

"न्हाई."

"मग?"

म्हादूनं मधेच तोंड घातलं, "बघा मास्तर. म्हणून म्या म्हनतो, इकून टाका. गाडी बी जाईल आन भांडान बी."

"तुमी गप बसा," दोघी एकदम म्हणाल्या.

मला उठून भोरला चालत जावंसं वाटत होतं. कोंडाबाईनं टेम्पोकडे बघितलं. मग तिनं मला विचारलं,

"मास्तर, गाडी हितं दारात उभी असती, पोरगी घरात निजलेली असती. तवा त्यो दिवा कुणासाठी जळतो?"

याचं उत्तर माझ्या दोन्ही पुस्तकांत नव्हतं. मी तसं सांगितलं.

"पुस्तकात कसं असंल," ती म्हणाली. "माझ्या माहेरी मेंढरं व्हती. दसरा झाला का मेंढरं घिऊन आमी देशावर निगायचो. म्हतारीकोतारी, कोंबड्या, समदी संगं. घराला कुलूप. देव घोड्यावर, गाठोड्यात बांधून. जितं मुक्काम पडंल तितं देव उतरवायचा आन दिवा लावायचा. मागं कुलूप लावल्याल्या घरात कुनी दिवा ठिवत नव्हतं. कशाला ठिवंल? देव तितं हाय का?"

ती उठली.

"चूक माजीच हाय. देवाला गाडीत सोडून आमी समदी घरात येऊन निजतो. आन दिवा राखतो म्हनतो. मास्तर, किल्ली फिरवली का दिवा पेटला पायजे आन किल्ली काढली का इझला पायजे. जमंल?"

"जमेल," मी म्हटलं. आणि म्हटल्याबरोबर भीती वाटली, कारण आता ते जमवायचं होतं. सम्राटला विचारावं तर वाडीत मोबाईलला रेंज नव्हती.

काम तसं मोठं नव्हतं. किल्ली फिरवल्यावर ज्या फ्यूजमध्ये करंट येतो तो शोधायचा आणि दिव्याची वायर त्याच्या पुढच्या बाजूला घ्यायची. सुप्रिया किल्ली फिरवत होती, मी तपासणीचा बल्ब लावून बघत होतो. वायपरच्या फ्यूजला तो बल्ब किल्लीबरोबर लागला आणि किल्लीबरोबर विझला. दिव्याच्या वायरीत मी एक वेगळा छोटा फ्यूजही घातला. गेनबानं तो घातला नव्हता, आणि पातळ वायर कुठं घासली असती तर गाडीनं पेट घेतला असता. हे मी कोंडाबाईला सांगितलं नाही. मला वाटतं तेवढं एक मी बरोबर केलं.

जुनी वायर बॅटरीपासून तोडायची वेळ आली तेव्हा मी पक्कड हातात घेऊन थांबलो.

"थांबा," कोंडाबाई म्हणाली. तिनं डोईवरचा पदर सारखा केला, गाडीत चढून फ्रेम सोडवली आणि दोन्ही हातांनी धरून घरात नेली. आत भांड्यांचा आवाज झाला, काडी ओढल्याचा वास आला. मग आतूनच हाक आली,

"लावला दिवा! आता तोडा!"

मी वायर तोडली. काळ्या तारेत पुन्हा मीटर जोडला. शून्य, शून्य, दोन. आयुष्यात इतका लहान आकडा बघून मला इतका आनंद कधी झाला नव्हता. सुप्रियानं तर ओरडून शेळ्या बिथरवल्या.

मग मीटर काढला, तार आवळली, तिनं किल्ली फिरवली. तांबडे बल्ब फ्रेमच्या रिकाम्या जागेच्या दोन बाजूंना लागले. कोंडाबाई बाहेर येऊन त्यांच्यासमोर तळवे धरून उभी राहिली. बल्ब गरम व्हायला थोडा वेळ लागतो. ती थांबली, ऊब लागल्यावर तळवे डोळ्यांना लावले आणि म्हणाली, "बंद कर. उगा जाळू नको."

म्हादूला मात्र पटलेलं दिसत नव्हतं. "गुरवार झाला, शुकरवार, शनवार, आइतवार," त्यानं बोटं मोजली. "तीन दिस नुस्ती दुधाची फेरी. सोमवारी एका झटक्यात लागली तर म्या खरं मानीन."

मी भोरला परतलो, पण ते तीन दिवस मला फार जड गेले. शुक्रवारी सम्राटला मुलगी झाली, त्यानं पेढे पाठवले, ते मी नीट खाल्ले नाहीत. शनिवारी मला शंका आली की मी जोड देताना वायर पुरेशी पिळली नव्हती. रविवारी वाटलं, वायपर लावले की दिवा विझेल. वहीतली आकृती मी इतक्या वेळा तपासली की कागद मऊ पडला.

सोमवारी दहाच्या सुमाराला फोन वाजला. म्हादू वेल्ह्यात खाली येऊन बोलत होता.

"मास्तर, पानशेतचा माणूस आला व्हता सकाळी."

"मग?"

"सुप्रीनं किल्ली फिरवली. एकाच झटक्यात लागली बगा! घरातनं देव गाडीत आनला, दिवा पेटला, आन गाडी सुरू. अगदी वरातीवानी."

"मग गाडी ठेवताय ना?"

"त्येच तर. गाडी अशी लागल्याली बघून त्यो माणूस लईच खूश झाला. म्हनला, आत्ताच घिऊन जातो."

गाडी बरी करून मी ती जास्त विकण्याजोगी केली होती, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

"मग कोंडा म्हनली," म्हादू पुढे सांगू लागला, "देव रातच्याला आमच्या घरात निजतो, सकाळी गाडीत बसून कामाला जातो. गाडी तुमी न्याल, पर देव सकाळी उठून कुठं बसंल? त्यो माणूस माझ्याकडं बघाय लागला. म्या म्हनलो, माझ्याकडं काय बघता, मला बी आत्ताच कळतंय. चहा पाजून लावला त्याला."

मागून सुप्रियाचा हसण्याचा आवाज आला आणि मग हॉर्नचा.

"बरं, आनखी एक," म्हादू म्हणाला. "गेनबाला समदं सांगितलं, तर त्यो खाली बसला. म्हनला, म्या वेल्ह्यापासून विंझरपातुर धा-अकरा गाड्यांना असाच दिवा जोडलाय. समद्यांच्या बॅटऱ्या उतरत्यात आन समदी बॅटरीवाल्याला शिव्या देत्यात. उद्या तिघंजण येत्यात भोरला."

"सम्राट परवा येईल दुकानात," मी म्हटलं.

"सम्राटकडं न्हाई हो. तुमच्याकडं. दिव्यावाल्या मास्तरांकडं म्हनत व्हते."

मी म्हटलं, येऊ द्या. असं मी म्हटलं, हे मला फोन ठेवल्यावर कळलं. मग भिंतीवरचा मीटर काढून मी त्याचा सेल बघितला.